परग्रहावरचं पावणं

नवी रिक्षा घेतली की कोल्हापूरचा रिक्षावाला आधी देवीच्या दारात जायचा आणि तिथनं सरळ चमन मणेरांच्या दुकानात. उद्यमनगरच्या तोंडाला, लेथच्या खडखडाटात त्यांचं दहा बाय बाराचं दुकान होतं, मागं बिऱ्हाड. खाली जड सुईचं मशीन, भिंतीला रेक्झिनची बंडलं, वर पत्र्याखाली फोमनं भरलेला माळा. लाल सीटवर पिवळा गुलाब उठवावा तर चमनभाईंनी, हुडाला मोराची झालर लावावी तर चमनभाईंनी. रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धेत पहिल्या येणाऱ्या रिक्षेबरोबर मालकाचा फोटो पेपरात यायचा. चमनभाईंचं नाव कुणी घ्यायचं नाही आणि त्यांना त्याचं वाईटही वाटायचं नाही. कमी बोलणारा माणूस. बायको रोशनबी म्हणायची, "ह्यांच्या तोंडात बी सुई-दोराच हाय. बोलाय गेलं की टोचती."

पंचाण्णव सालच्या जानेवारीत मुंबईचे एक साहेब दुकानात आले. सुखटणकर त्यांचं नाव. मुलांसाठी टीव्हीवर मालिका करणार होते, 'दूरच्या ताऱ्यावरून' नावाची. कसबा बावड्याच्या बाजूला एक बंद पडलेली तेलाची गिरणी होती, तिची शेड त्यांनी भाड्यानं घेतली होती आणि आत एक अख्खा ग्रह उभा करायचं चाललं होतं. सुखटणकरांनी काउंटरवर एक चित्र पसरलं. चंदेरी पोशाख, गळ्याशी जाड कडं, पाठीला नळ्या.

"मुंबईत चार टेलर झाले," ते म्हणाले. "म्हणतात, रेक्झिनची पँट शिवता येत नाही."

चमनभाईंनी चित्र उलटं-सुलटं करून बघितलं. "रिक्षाचं हूड शिवतोय न्हवं? त्याला पाय लावायचं," ते म्हणाले.

चंदेरी रेक्झिनचे बारा पोशाख त्यांनी तीन आठवड्यांत शिवले. हेल्मेटं फायबरची, स्कूटरचे मडगार्ड करणाऱ्याकडनं ओतून आणलेली. बंदुका शेजारच्या लेथवर अॅल्युमिनियमच्या कातून घेतल्या. आणि मग सुखटणकरांनी शेवटचं चित्र काढलं. त्या ग्रहाचा राजा. माणसाच्या दीडपट डोकं, कपाळावर घड्या, गालांना माशासारखे कल्ले, मोठाले डोळे.

फोमचे थर सोल्युशननं एकावर एक चिकटवून चमनभाईंनी ठोकळा केला आणि सीट कापायच्या सुरीनं त्यातनं तोंड काढायला बसले. आठ दिवस रिक्षावाले दारातनं परत जात होते. कोरून झाल्यावर वरनं रबराच्या चिकाचे पातळ हात दिले, रंग दिला, पापण्या बसवल्या. डोळ्यांचा प्रश्न होता. रिक्षेच्या मागच्या इंडिकेटरच्या नारिंगी काचा त्यांनी घासून गोल केल्या आणि मागं छोटा बल्ब बसवला. बटण दाबलं तसे डोळे पेटले. दहा वर्षांची इरम, त्यांची एकुलती एक लेक, दप्तर टाकून रोशनबीच्या मागं लपली.

चमनभाई त्या दिवशी बराच वेळ हात पुसत उभे होते. मग बायकोला म्हणाले, "आजवर शिवलं ते समदं लोकांच्या बुडाखाली गेलं बग. ह्ये पहिलंच, तोंडावर चढनार."

राजा व्हायला माणूस तसाच हवा होता. पेठ वडगावचे हंबीरराव खोत कोल्हापुरातल्या एका तालमीत मुलांना कुस्ती शिकवायचे. साडेसहा फूट उंची, मान अशी की सदऱ्याचं वरचं बटण कधी लागलं नाही. कुस्त्या सोडून पाच वर्षं झाली होती, गुडघे बोलायला लागले होते. सुखटणकरांनी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बोलाय लागनार न्हाय न्हवं? मग करतो की."

मुखवटा एकदा चढवला की हंबीररावांना नीट ऐकू येत नसे, बोललेलं बाहेर पोचत नसे, आणि दिसायला फक्त कल्ल्याजवळची एक फट. त्यामुळं चढवायला-उतरवायला चमनभाईंनी रोज शेडमध्ये थांबावं असं ठरलं. दुकानाला अर्धं शटर लावून ते सकाळीच सायकलवरनं बावड्याला जायचे. साखर कारखान्याचा हंगाम जोरात होता. अख्ख्या परग्रहावर मळीचा वास पसरलेला असायचा. हंबीररावांच्या पाठीची चेन लावायची, कल्ल्याच्या फटीतनं नळी घालून पाणी पाजायचं, आणि डाव्या हाताची दोन बोटं वर गेली की चित्रीकरण थांबवून मुखवटा काढायचा. 'दम कोंडतोय, काढ' अशी ती खूण त्या दोघांनीच ठरवली होती. आतनं हंबीरराव निघायचे ते उकडलेल्या बटाट्यासारखे लाल, आणि पहिला प्रश्न असायचा, "चमन, कसं झालं रं?"

"राजागत झालं," चमनभाई म्हणायचे.

शेडवरची माणसं त्या रूपाला 'पावणं' म्हणायला लागली. पावणं आलं, पावण्याला खुर्ची द्या, पावण्याचं डोळं पेटंनात. मालिकेच्या गोष्टीत त्याचं काहीतरी सात अक्षरी नाव होतं. ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

मार्चमध्ये काम संपलं. मुंबईची माणसं ट्रकात कॅमेरे भरून गेली. शेड रिकामी करून द्यायची होती, म्हणून उरलेलं सामान अंगणात ढीग करून पेटवायचं ठरलं. चमनभाई शेवटचे पैसे न्यायला गेले होते. ढिगावर त्यांना पावण्याचं तोंड दिसलं. एक गडी रॉकेलचा डबा घेऊन उभा होता.

"थांब जरा," चमनभाई म्हणाले. मॅनेजरकडं जाऊन त्यांनी विचारलं, "ह्ये समदं मी नेऊ का?"

"न्या की. तेवढाच आमचा धूर कमी," मॅनेजर म्हणाला.

दोन हातगाड्या लागल्या. माळ्यावरचा फोम खाली आला आणि ग्रह वर गेला.

जूनमध्ये मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी अख्खी गल्ली मणेरांच्या दारात. इरमनं शाळेत सांगून ठेवलं होतं. पहिल्या भागात चंदेरी पोशाख दिसले, चौघांनी चमनभाईंच्या पाठीवर थापा मारल्या. राजा काही दिसला नाही. दुसऱ्यात भिंतीवर त्याची सावली दिसली, तिसऱ्यात हातमोजा. चौथ्या भागाच्या शेवटी दरवाजा उघडायला लागला, आतनं उजेड आला, आणि 'पुढील भागात' अशी पाटी आली. पेठ वडगावात हंबीररावांनी टीव्हीसमोर तीस माणसं बसवली होती. पुढच्या रविवारी त्या वेळेला दुसराच कार्यक्रम लागला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

मालिका काढणाऱ्या दोघा भागीदारांत भांडण लागून प्रकरण कोर्टात गेलं, असं नंतर कळलं. टेपा कुठल्याशा गोदामात सीलबंद होत्या. चमनभाईंनी इरमकडनं सुखटणकरांना तीन पत्रं लिहवली. तिसऱ्याचं उत्तर आलं. 'टेपांना बुरशी लागली आहे असे ऐकतो. माझ्याही हातात काही नाही. आपला मुखवटा फार सुंदर होता.' एवढंच.

म्हणजे पावणं या जगात उरलं होतं ते फक्त चमनभाईंच्या माळ्यावर. ही गोष्ट त्यांच्या मनात अशी काही घट्ट बसली की तिनं पुढं त्यांना दुसऱ्या वस्तूंच्या मागंही पळवलं. पन्हाळ्यावर कुठल्या हिंदी सिनेमाच्या लोकांनी यानाचा दरवाजा टाकून दिलाय असं कळलं की हे टेम्पो घेऊन हजर. बंद पडलेल्या बालनाट्याची अँटेनावाली टोपी, एका ऑर्केस्ट्रातल्या अंतराळ-नाचाचे झगे, सगळं माळ्यावर. रिक्षावाले त्यांना 'तबकडीवाला चमन' म्हणायला लागले. गणपतीच्या दिवसांत मंडळांची पोरं देखाव्यासाठी पोशाख मागायला यायची. चमनभाई नवी सीट फुकट शिवून देईन म्हणायचे, पण पोशाख द्यायचे नाहीत.

जयसिंगपूरला एका रिक्षावाल्यानं यंत्रमानव बघितला होता. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका काळ्या-पांढऱ्या सिनेमातला, पत्र्याचा. चमनभाई बसनं गेले. बयाबाई नावाच्या म्हातारीच्या परसात तो उताणा पडला होता आणि त्याच्या छातीच्या दारातनं कोंबड्या ये-जा करत होत्या.

"मावशी, ह्यो मला देता?"

"आन् माझ्या कोंबड्या कुठं ठिऊ? तुझ्या डोस्क्यावर?"

"खुराडं करून देतो की. चांगलं, पावसात न भिजनारं."

बयाबाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "एक कोंबडी अंड्यावर हाय. उठवाची न्हाय. तीन आठवड्यानं ये."

तीन आठवड्यांनी चमनभाई खुराडं घेऊन गेले. आतनं फोम, वरनं हिरवं रेक्झिन, दाराला पितळी कडी. पिल्लं निघाली होती. बयाबाई खुराड्यावर हात फिरवत म्हणाली, "माझी गादी बी असली न्हाय रं." यंत्रमानव आडवा घालून टेम्पोनं कोल्हापूरला आला. रोशनबीनं तो दारात बघितला, पदर खोचला आणि त्याच्या पोटातली कोंबडीची घाण धुवायला घेतली. घरात तिची कुरकुर असायची, पण ती कधी 'टाकून द्या' म्हणाली नाही.

दरवर्षी दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, चमनभाई सगळ्या वस्तू खाली काढून पुसायचे. नव्व्याण्णव साली त्यांनी ट्रंकेतनं पावण्याचं डोकं उचललं आणि अंगठा गालात गेला. दाबलाही नव्हता. लोण्यात जावा तसा गेला. बाहेर काढला तर बोटाला पिवळी पूड लागलेली.

उंदीर असेल, वाळवी असेल, असं त्यांनी स्वतःला दोन दिवस समजावलं. मग तुकडा काड्यापेटीत घालून इरमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या दीप्ती मॅडमकडं गेले. बाईंनी तो भिंगाखाली धरला, बोटांत चुरला.

"कुठं ठेवता हे?"

"माळ्यावर. पत्र्याखाली."

"तिथं उन्हाळ्यात केवढं तापत असेल! आणि घाम लागलाय याला."

"औषध काय मारायचं?"

"औषध नाही, मणेर. हा रोग नाहीये. फोमचा स्वभावच असा असतो. हवा लागली की तो आतून सुटायला लागतो. तुम्ही कोरलात ना, त्या दिवसापासूनच हे चालू झालं असणार. आता दिसायला लागलं, एवढंच."

"थांबवाय येत न्हाय?"

"थंड ठेवलंत, अंधारात ठेवलंत, तर सावकाश होईल."

थंड म्हणजे घरातला फ्रीज. पावण्याचं डोकं त्यात शिरणं शक्य नव्हतं आणि रोशनबीनं त्याआधीच विचारलं होतं, "मग मटन कुठं? ट्रंकेत?" शेवटी ओळखीच्या एका बर्फाच्या कारखान्यात त्यांनी उन्हाळाभर ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं. जूनमध्ये उघडलं तर आत पाणी धरलेलं आणि कपाळभर काळी बुरशी. ज्या बुरशीनं टेपा खाल्ल्या तीच त्यांनी आपल्या हातानं इथं आणून लावली होती. सायकलच्या कॅरियरवर डोकं बांधून, ते पायी, सायकल ढकलत घरी आले. वाटेत दोघा-तिघांनी "काय चमनभाई, सवारी कुठं?" म्हणून विचारलं. त्यांनी मान हलवली.

कापसानं पुसावं तर कापसाला कपाळ यायचं. पावडर लावली, नंतर कळलं तिचा काही उपयोग नाही. चंदेरी रेक्झिनही घाम फुटल्यासारखं चिकट व्हायला लागलं. दरवेळी झाकण उघडलं की थोडं झडायचं. शेवटी त्यांनी उघडणंच बंद केलं. न बघता तरी राहील, असं त्यांना वाटे. दोन हजार पाचच्या पुरात नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या, ओळखीच्यांचे संसार वाहून गेले. माळ्यावरची ट्रंक कोरडी ठाक होती. रोशनबी म्हणाली, "आल्लानं राखलं."

दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात पेठ वडगावहून फोन आला. हंबीररावांची बायको बनाबाई बोलत होती. हंबीररावांच्या अंगावरनं वारं गेलं होतं, उजवी बाजू लुळी पडली होती, बोलणं जड झालं होतं. "सारकं तुमचं नाव घेत्यात," ती म्हणाली. "म्हंत्यात, चमनकडं माझं तोंड हाय. तुला दावतो. ऐतवारी येऊ का?"

"या की," चमनभाईंच्या तोंडून गेलं. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

त्याच दुपारी त्यांनी ट्रंक खाली घेतली. झाकण उघडलं. आत डोकं नव्हतं. तळाला वीतभर पिवळा भुगा होता, वर रबराच्या चिकाची साल सापाच्या कातीसारखी पडली होती, आणि भुग्यात अर्धे रुतलेले दोन नारिंगी डोळे. पोशाख दुसऱ्या ट्रंकेत होता. त्याच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. बाही सोडवायला गेले तर वरचा चंदेरी थर खपलीसारखा निघून आला.

रोशनबीनं शेजारी बसून बघितलं. "नवीन करा," ती म्हणाली. "तुमचाच हात हाय. पाच दिवस हाईत. त्यांना काय कळनार?"

"त्यांना कळंल. आत त्येच हुते."

तरी त्यांनी फोम कापायला घेतला. पहिल्यांदाच कळलं की हात तेच असले तरी तोंड आठवत नाही. घड्या तीन होत्या का चार? कल्ले कानाखाली होते का गालावर? फोमही आता वेगळा यायचा, सुरी लागली की फाटायचा. शुक्रवारी जे काही झालं होतं ते डोक्यावर घालून ते दारात उभ्या असलेल्या एका रिक्षेच्या आरशात बघायला गेले. आरशात देखाव्यातला राक्षस दिसला. रिक्षावाला हसला. चमनभाईंनी ते काढलं, दुकानात जाऊन त्याचे चौकोनी तुकडे केले आणि सीटमध्ये भरायच्या पोत्यात टाकले.

रविवारी अकराला हंबीरराव आले. बनाबाई एका बाजूनं, रिक्षावाला दुसऱ्या बाजूनं. तो डोंगर खचला होता. सदऱ्याचं वरचं बटण लागलेलं चमनभाईंना दिसलं आणि त्यांनी मान फिरवली. रोशनबीनं चहा केला. बनाबाईनं तो नवऱ्याला बशीनं पाजला. चमनभाई मनात वाक्य जुळवत होते आणि ते जुळत नव्हतं.

"चमन," हंबीरराव म्हणाले. एकेक अक्षर ओढून काढल्यागत. "दाव."

"हंबीरराव, त्ये..."

"दाव रं. हिला दाव."

"अकरा वरसं ऐकतीय मी," बनाबाई म्हणाली. बाई रागीट नव्हती, दमलेली होती. "राजा झालतो, राजा झालतो. टीव्हीत तर कुठं दिसलं न्हाईत. तीस मानसं बसून हात हलवत गेली घरातनं. गावात आजून पोरं चिडवत्यात. म्या म्हटलं, एकदा डोळ्यानं बगू या."

आता सांगण्यात अर्थ नव्हता. चमनभाईंनी ट्रंक ओढून त्यांच्या पायाशी आणली आणि झाकण उघडलं.

बनाबाई वाकली. "ह्ये तर भुस्कट हाय."

"व्हय. मुखवटा हुता ह्यो. फोम मरतो, वहिनी. मॅडम म्हनल्या..." चमनभाईंना दीप्ती मॅडमचं सगळं सांगायचं होतं, हवा, उष्णता, आतनं सुटणं. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि ते त्यांनाच थापेसारखं वाटायला लागलं. त्यांनी भुग्यात हात घातला आणि डोळे काढून तिच्या तळहातावर ठेवले. "ह्ये डोळं. ह्ये पेटायचं."

बनाबाईनं ते उलटे केले. "रिक्षाच्या लाइटी न्हवं ह्या?"

"व्हय. रिक्षाच्याच. पर..."

"आन् ह्यो?" चंदेरी चिंध्यांकडं तिनं बोट केलं.

"पोशाख. लई मोठा राजा हुता, वहिनी. शंभर मानसं गप बसायची ह्येनी आलं की. मी सोता बघितलंय. आई शप्पत."

बनाबाईनं दुकानभर नजर फिरवली. सीटा, हूड, कोपऱ्यातला पत्र्याचा यंत्रमानव. मग तिनं चमनभाईंकडं बघितलं, आजारी माणसाच्या मित्राकडं बघावं तसं, मायेनं.

"असंल की," ती म्हणाली. "असंल. न्हाय कोन म्हनतंय?"

ती भांडली असती तर चमनभाई भांडले असते. खोटं म्हणाली असती तर बंदुका कातणाऱ्या शेजारच्या लेथवाल्याला हाक मारून साक्षीला आणला असता. पण 'असंल की'ला काय उत्तर द्यायचं? ते तसेच गुडघ्यावर बसून राहिले, हाताला पिवळी पूड.

हंबीरराव ट्रंकेकडं बघत होते. तोंडाची एकच बाजू हलत होती. मग त्यांचा चांगला, डावा हात मांडीवरनं सावकाश उचलला गेला आणि त्याची दोन बोटं वर झाली.

"पानी पायजे व्हय?" बनाबाई म्हणाली.

चमनभाई उठले. दोन पावलं पुढं गेले. ती खूण त्यांना कळली होती आणि काढायला समोर काहीच नव्हतं. त्यांनी हंबीररावांच्या मानेखाली हात घातला आणि सदऱ्याचं वरचं बटण सोडलं. तेवढंच करता येण्यासारखं होतं.

जाताना बनाबाईनं डोळे परत देऊ केले. चमनभाई म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडं." तिनं ते रुमालात बांधून घेतले, नको म्हणणं बरं दिसणार नाही म्हणून.

फेब्रुवारीत हंबीरराव गेले. चमनभाई आणि रोशनबी बसनं पेठ वडगावला भेटायला गेले. सोप्यात तालमीतली माणसं बसली होती. भिंतीवर हंबीररावांचा तरणेपणीचा फोटो, खांद्यावर गदा, गळ्यात हार. लोक कुस्त्यांच्या आठवणी काढत होते. कुठल्या मैदानात कुणाला कसं चीत केलं, कुठला डाव लावला. प्रत्येकाकडं एक होती. कुणीतरी चमनभाईंनाही विचारलं, "पावणं, तुमची वळख कुठली?"

तीस डोळे त्यांच्याकडं वळले. चमनभाईंनी तोंड उघडलं. ग्रह, शेड, मळीचा वास, दाराच्या फटीतनं येणारा उजेड. त्या सगळ्यावर इथंही बनाबाईसारखंच 'असंल की' ऐकू येणार हे त्यांना दिसलं, मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर.

"मी कपडं शिवायचो त्यांचं," ते म्हणाले.

"हां, हां. माप मोठं असनार," तो माणूस म्हणाला आणि परत कुस्त्यांकडं वळला.

परतीच्या बसमध्ये रोशनबीनं विचारलं, "का न्हाय सांगितलं?" चमनभाई खिडकीतनं ऊस बघत राहिले.

इरम तोवर डी.एड. होऊन शाळेत शिकवायला लागली होती. तिनं अम्मीकडनं सगळं ऐकलं आणि पुढच्या रविवारी दोनशे पानी वही घेऊन माळ्यावर चढली. "अब्बा, सांगा," ती म्हणाली. "एकेक वस्तू. कुणी घातली, कशाची केली. मी लिहिते."

पहिल्यांदा ते नको म्हणाले. मग सांगायला लागले, आणि सांगता सांगता कधी नव्हे इतके बोलले. हेल्मेटं कुणाच्या साच्यातली, बंदुकीचा चाप लेथवाल्यानं कसा बसवला, यंत्रमानवाच्या छातीत किती पिल्लं निघाली. टिनाचं, फायबरचं, अॅल्युमिनियमचं सगळं शाबूत होतं. हातात धरून दाखवता येत होतं. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी इरमनं नवं पान काढलं आणि वर मथळा लिहिला, 'राजाचा मुखवटा'. खाली फोमचे थर लिहिले, सोल्युशन लिहिलं, इंडिकेटरच्या काचा लिहिल्या, हंबीरराव खोतांचं पूर्ण नाव, गाव आणि तालुका लिहिला.

"रंग?" तिनं विचारलं.

"हिरवा," चमनभाई म्हणाले. मग थांबले. "हिरवा का निळा गं? तू बघितलातास की."

"मी भ्यालेली, अब्बा. मला फक्त डोळे आठवतात."

त्यांनी वरनंच रोशनबीला हाक मारली. ती म्हणाली, राखाडी. लेथवाल्याकडं गेले, तो म्हणाला, जांभळा असावा, त्याला फक्त बंदुका आठवत होत्या. भुगा पिवळा होता, पण तो फोमचा रंग; वरचा रंग बुरशीत आणि सालीत कधीच गेला होता. सुखटणकर वारले होते. फोटो एकही नव्हता. त्या तोंडाच्या सगळ्यात जवळ जो माणूस महिनाभर राहिला होता, तो आतल्या बाजूला होता आणि आता तोही नव्हता.

चमनभाई परत वर आले आणि इरमसमोर बसले. तिनं पेन धरून ठेवलं होतं.

"काय लिहू, अब्बा?"

"काय लिवू नगंस," ते म्हणाले. "तेवढी जागा सोड."

इरमनं एक ओळ कोरी सोडली आणि खाली उंची लिहायला घेतली. उंची चमनभाईंना आठवत होती. तेवढ्यात खालनं एका रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, त्याचं हूड फाटलं होतं. ते उठून जिना उतरले.